पास्कूच्या घरचं उंबराचं पाणी

म्युनिसिपालिटी म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी पास्कूचं नाव सांगतो. लोक हसतात. हसोत बापडे! ठाण्याच्या म्युनिसिपालिटीत वीस वर्षं कारकुनी केली, सभासदांची लांबलचक भाषणं उतरवून घेतली, पण ती कचेरी कशासाठी आहे हे मला एका पट्टेवाल्यानं शिकवलं.

पास्कू खाडीकडच्या किरिस्तावांच्या पाड्यातला. पितळी बिल्ला मिळाल्यापासून तो झोपतानाही काढत नसे, असं लोक म्हणायचे. आम्ही कारकून त्याची यथेच्छ टिंगल करायचो. वाचता येत नव्हतं, पण हुकूम एकदा ऐकला की शब्दन्‌शब्द पाठ. रस्त्यात बांधली म्हणून सख्ख्या मेव्हण्याची म्हैस त्यानं कोंडवाड्यात घातली होती.

त्या उन्हाळ्यात पटकी आली. पाड्यात आठवड्यात सात माणसं गेली. डॉक्टरांनी पाड्याचा आड पाहिला आणि म्युनिसिपालिटीनं तो बंद केला. फळ्या ठोकल्या पास्कूनंच. पुढे साथ ओसरली, पण आड उघडायचा हुकूम काही निघेना, आणि पास्कूच्या मुलीचं, बिट्रिसचं लग्न येऊन ठेपलं.

त्या लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. बायका वाजतगाजत आडावर जाऊन घागरी भरतात, त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. त्याशिवाय ती चर्चची पायरी चढत नाही. पास्कूच्या घरच्या चार पिढ्या त्याच आडाच्या पाण्यानं न्हाल्या होत्या.

त्याची बायको अ‍ॅग्नेस कचेरीत येऊन माझ्यापुढे रडली. "हरिपंत, एक घागर फकस्त. तुमी सांगा त्याला."

मलाही कीव आली. म्हटलं, "अरे पास्कू, एक फळी काढ, घागर भर, परत ठोक. कोण बघतंय?"

"मी बगतंय ना," तो म्हणाला.

मी चिडलो. "मग पोरीला काय तशीच धाडणार?"

रविवारी दुपारी मी ओटीवर पान लावत बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजला. पुढे पास्कू, छातीवर बिल्ला. मागे अ‍ॅग्नेस आणि लाल लुगडी नेसलेल्या बायका, डोक्यावर घागरी. सगळी मंडळी येऊन थांबली आमच्या आळीच्या विहिरीपाशी. आमच्या! विहीर म्युनिसिपालिटीची, पण तिथे किरिस्तावाची सावलीही आम्ही पडू दिली नव्हती. बघता बघता आळी गोळा झाली. शेजारचे प्रभाकरशास्त्री काठी घेऊनच उतरले. "जिवावर उदार झालास काय रे?"

पास्कूनं खिशातून कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. "मना पाठ हाय, पन माज्या तोंडून कोन ऐकनार? शेवटचं तेवढं तुमी वाचा, हरिपंत."

आड बंद करण्याचा तोच हुकूम. अक्षर माझंच, चांगलं वळणदार. लिहिताना त्यातलं काही डोक्यात शिरलं असेल तर शपथ! त्याच्या मात्र शिरलं होतं.

वाचलं तर आळी मला वाळीत टाकणार, आणि माझी मुलगी शुभदा लग्नाची होती. न वाचावं, तर समोर हा उभा. याच्या मनात आलं असतं तर पाड्यातल्या आडाची एक फळी काढून मोकळा झाला असता. काय माणूस होता हो! अजून अंगावर काटा येतो.

मी उठलो. कागद हातात घेऊन वाचलं, "सदर आड बंद असेतोवर म्युनिसिपालिटीच्या कोणत्याही विहिरीवर सर्व रहिवाशांस पाणी भरण्याची मोकळीक आहे. हरकत घेईल तो दंडास पात्र होईल."

"हे तू लिहिलंस, हरिहर?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"हो. मीच."

अ‍ॅग्नेसनं पोहरा आत सोडला. अडवायला कोणी पुढे झालं नाही.

बिट्रिस दुसऱ्या दिवशी न्हाऊनमाखून लग्नाला उभी राहिली. आमच्याकडे मात्र भटजी यायचे थांबले, शुभदाचं ठरत आलेलं स्थळ फिरलं. पास्कूला हे कळलं तेव्हा ओटीखाली उभा राहून तो ढसाढसा रडला. "माज्यामुलं झालं, हरिपंत."

"नाही रे," मी म्हटलं. "हुकूम मीच लिहिला होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाचला, एवढंच."