जीपचे खांदे

जीपच्या पोटाखाली उताणा पडलो होतो, डोळ्यांत जंगाचा भुगा पडत होता आणि एक नट तासाभरापासून जागचा हलत नव्हता, तेव्हा मला कळलं की माझा स्वभाव फार वाईट आहे. बायको हेच पस्तीस वर्षांपासून सांगत होती, पण तेव्हा कचेरीची घाई असायची. मी त्या नटाला, नट बनवणाऱ्याला आणि ज्या दिवशी या कामाला हो म्हणालो त्या दिवसाला मोठमोठ्यानं शिव्या घातल्या. अंगणात बाजेवर बसलेला बा सगळं ऐकत होता.

"शिव्यायनं नाही निघत लेका," तो म्हणाला. "तेल टाक आन् जेवून ये. दोघायलेही आराम भेटते."

बा म्हणजे माझे वडील. आमच्या बंजारा तांड्यात बाप कितीही म्हातारा झाला तरी त्याला अरे-तुरेच करतात, म्हणून इथंही तसंच लिहितो. घरात आम्ही गोरबोली बोलतो, पण ती सगळ्यांना कळणार नाही. बा दिग्रसच्या बाजारात जशी वऱ्हाडी बोलायचा, तशीच त्याची भाषा मी इथं ठेवली आहे.

तालुक्याच्या कचेरीत मी कारकून होतो. निवृत्त होऊन तांड्यावर परत आलो तेव्हा एकच बेत होता, दुपारी झोपायचं. तो बेत पंधरा दिवस टिकला. एका सकाळी चहा पिताना बा म्हणाला, "मले एकदा तिच्यात बसवून दिग्रसले ने."

ती म्हणजे कडुलिंबाखाली उभी असलेली जीप. लांब नाकाची, चपट्या मडगाडची, डिझेलवर चालणारी. मी शाळेत असताना बानं ती लिलावात घेतली होती. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे, त्याला लदेणी म्हणत. बा म्हणायचा, मीही लदेणीच केली, माझा बैल तेवढा डिझेल पीत होता. तांड्यावरून दिग्रस, बाजाराच्या दिवशी महागाव. बारा माणसं आत, सहा मागं लोंबकळत, टपावर गाठोडी. अडलेल्या बाया त्यानं या जीपमधून दवाखान्यात नेल्या. तांड्यातली निम्मी तरणी पोरं या जीपमुळे वेळेवर जन्मली, असं तो सांगायचा. निम्मी म्हणजे जरा जास्तच, पण बाला कोण अडवणार.

मग काचबिंदूनं त्याचे डोळे गेले, आणि जीप उभी राहिली ती राहिलीच. तेव्हापासून बा तांड्याबाहेर गेला नव्हता, लग्नाकार्यालाही नाही. "दुसऱ्याच्या गाडीत मले समजतच नाही मी कुठी हावो," तो म्हणायचा. आपल्या जीपमध्ये मात्र कोणता खड्डा आला, कोणता पूल आला, ते त्याला बुडाखालून कळायचं. ते पुन्हा एकदा अनुभवायला त्याला दिग्रसला जायचं होतं. मी हो म्हणालो. उन्हाळा नुकता लागत होता. मला वाटलं, दोन महिन्यांचं काम असेल.

दिग्रसहून एक म्हातारा मिस्त्री आठवड्यातून दोन दिवस यायचा. बाच्या उमेदीच्या काळात त्यानंच ही जीप सांभाळली होती. बाकीचे पाच दिवस मी एकटा. खालचा पत्रा खाल्ला गेला होता. हात लावला की पापडासारखा तुटायचा. दारं, मागचा हौदा, पाय ठेवायची पट्टी, सगळं सडलेलं. सुटे भाग शोधत मी यवतमाळ केलं, पुसद केलं, घाटंजीच्या एका गोठ्यात कोंबड्यांच्या खुराड्याखालून गिअरचा एक तुकडा मिळवला. कंबर गेली. डाव्या हाताचं बोट नटबोल्टात चेंगरलं. रोज सकाळी उठताना वाटायचं की आज सांगून टाकावं, बा, नाही होत आपल्याच्यानं. रोज अंगणात आलो की बा आधीच बाजेवर येऊन बसलेला असायचा, अंघोळ करून, टोपी घालून.

"माह्या पोराचे हात कागदाचे हाय," तो मिस्त्रीला सांगायचा. "जरा जपून काम दे त्याले."

पण एक गोष्ट त्यानं पहिल्याच दिवशी बजावली होती. "काहीही कर. कापजो, जोडजो, रंगवजो. तिच्या खांद्याले हात नोको लावू."

आता या खांद्यांचं सांगायला हवं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद चोळायची, पळसाच्या गरम पानांनी शेक द्यायचा आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बानं जीप घेतली आणि बैलजोडी विकली. त्या वर्षी पोळा आला तेव्हा त्याला करमेना. ओझं जो वाहतो त्याचा खांदा दुखतो, असं म्हणून त्यानं तुपाची वाटी घेतली आणि जीपच्या मडगाडांना चोळलं. उजव्या मडगाडला बा, डाव्या मडगाडला याडी, म्हणजे माझी आई. तांड्यानं हसून घेतलं. दुसऱ्या वर्षी कोणी हसलं नाही. याडी गेल्यावर दोन्ही खांदे बाच चोळायचा, आणि डोळे गेल्यावरही हातानं चाचपत जाऊन चोळायचा. कारकून झालेला मी मात्र त्या दिवशी तांड्यावर न येण्याचं निमित्त शोधायचो. साहेबलोकांना कळलं तर काय म्हणतील, अशी लाज वाटायची.

जंग काढताना मी बघितलं, सगळ्या जीपमध्ये धड पत्रा होता तो फक्त त्या दोन ठिकाणी. हातभर जागा, गुळगुळीत, काळपट, तुपानं मुरलेली. जंग तिथं फिरकलाही नव्हता. मला त्याचं कौतुक वाटलं, ते रंगाची वेळ येईपर्यंत टिकलं.

मिस्त्रीनं रंग मारला. गडद हिरवा, पहिला होता तसाच. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं आणि दोन्ही मडगाडांवर रंगाला फोड आले. मडगाडाच्या कडेला पत्रा दुमडलेला असतो, त्या दुमडीत इतक्या वर्षांचं तूप साचलं होतं. ऊन लागलं की ते पाझरायचं आणि रंग उचलायचं.

"भाऊ, इतकं तूप तं माह्या घरी ईदलेही नाही लागत," मिस्त्री म्हणाला.

आम्ही रंग खरवडला. थिनरनं पुसलं, सोड्याच्या पाण्यानं धुतलं, पॉलिशपेपर मारला, पुन्हा रंग मारला. पुन्हा फोड. तिसऱ्यांदा मिस्त्रीनं दुमडीखाली शेगडी धरून ती तापवली. अंगणभर पुरणपोळीच्या तव्यासारखा वास सुटला आणि बा बाजेवरून म्हणाला, "घरात काही गोड करून राह्यले काय?" चार दिवसांनी रंग पुन्हा फुगला.

बायको म्हणाली, "राहू द्या ना तेवढी जागा बिनरंगाची. कोनाले दाखवायची हाय?"

तिचं बरोबर होतं. पण मी फार थकलो होतो, आणि थकलेल्या माणसाला एकच गोष्ट दिसते, काम संपलेलं. चार महिने घातलेल्या गाडीच्या तोंडावर दोन काळे डाग मला बघवत नव्हते. मिस्त्रीला म्हणालो, दोन्ही मडगाड काढ, नव्या पत्र्याचे बनव.

मिस्त्रीनं बाजेकडं पाहिलं. हळूच म्हणाला, "बाबाले इचारून घ्या एकबार."

मी म्हणालो, "त्याले दिसते थोडंच."

हे वाक्य मी बोललो. माझ्याच तोंडून, माझ्याच बापाबद्दल. तेव्हा काहीच वाटलं नाही. मिस्त्री पत्रा मोजायला लागला.

आखाडाच्या एका ओल्या दुपारी नवे मडगाड ठोकून बसवले. बा तिथंच होता. "काय चालू हाय रे?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही बा, चेमटलेला पत्रा सरळ करून राह्यलो." तो म्हणाला, "बरं." दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला आणि जुने मडगाड घेऊन गेला.

नव्यावर रंग असा बसला की आरशागत. मी दोन दिवस खूश होतो. तिसऱ्या दिवशी बा म्हणाला, "पोळा झाला की दुसऱ्या रोजी, करीच्या दिवशी दिग्रसले जाऊ. खांदे शेकल्याबिगर तिले बाहेर नाही काढत मी." म्हणजे तो हात लावणार होता. त्याला डोळे नव्हते, पण त्या दोन जागा त्याच्या हाताला अंगणापेक्षा जास्त पाठ होत्या. ही आपली नाही म्हणाला, तर तो तिच्यात कधी बसणार नव्हता, आणि माझं पुढं काहीच खरं मानणार नव्हता.

दिग्रसला जाऊन भंगारवाल्याला गाठलं. त्यानं हात झटकले. तो माल कधीच पुढं गेला होता. परतताना पावसात भिजलो, रस्त्याच्या कडेला मोटारसायकल लावून एका झाडाखाली उभा राहिलो आणि मला स्वतःचा खूप कंटाळा आला. डावा मडगाड याडीचा होता. तिच्या हातचं या घरात दुसरं काय उरलं होतं? तिचे कपडे वाटून दिलेले, भांडी झिजून मोडीत गेलेली. तिच्या हाताचं तूप मुरलेला तेवढा एक पत्रा होता, आणि तो मी रंगासाठी देऊन टाकला. ज्याला रंग दिसत नाही त्याच्या जीपच्या रंगासाठी.

बाला सांगायचं मी रोज ठरवायचो. जेवताना ठरवायचो, मग जेवण होऊन जायचं. श्रावण तसाच गेला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बायकोनं तूप-हळदीची वाटी बाच्या हातात दिली आणि आत निघून गेली. तिला सगळं माहीत होतं. मी पळसाची पानं तव्यावर गरम करून आणली. बा जीपच्या नाकापासून हात फिरवत निघाला, दिव्याच्या काचेवरून उजव्या मडगाडवर आला आणि थांबला. त्यानं तळवा मागं-पुढं नेला. मग बोटाच्या हाडानं ठोकून पाहिलं. एकदा, दोनदा.

"नवा रंग हाय बा," मी म्हणालो. "म्हून गुळगुळीत लागून राह्यलं."

"रंगाचा आवाज येते काय रे?" तो म्हणाला.

मी हातातली पानं उगाच सारखी करत राहिलो.

"मिस्त्रीनं ठोकलं त्याच दिवशी समजलं मले," बा म्हणाला. "जुना पत्रा असा नाही बोलत. वाट पाहून राह्यलो होतो, तू सांगशील म्हून. जुने कुठी हाय?"

"भंगारात गेले. आनाले गेलतो मी. नाही भेटले." मी म्हणालो. "चुकलो बा. डावाही गेला. याडीचा."

त्याचा हात मडगाडवरच होता. मला वाटलं, आता वाटी खाली ठेवेल आणि बाजेवर जाऊन बसेल. कडुलिंबावर पाखरं गोंधळ घालत होती. शेजारच्या अंगणात कोणी बैल धूत होतं, त्याच्या घागरमाळेचा आवाज येत होता.

मग त्यानं दोन बोटं तुपात बुडवली आणि नव्या पत्र्यावर चोळायला लागला. हळूहळू, गोल गोल, नेहमीसारखं. मी पानं दिली, त्यानं शेक दिला. नवं जनावर पहिल्या साली अंग चोरते, असं काहीतरी तो स्वतःशीच पुटपुटला. त्याचं आवतन देऊन झालं आणि त्यानं वाटी माझ्यापुढं धरली.

"डावा तू लाव."

"मी?"

"मंग कोन? माह्यानं आता तिकडं जानं होत नाही."

होत होतं. गेल्या वर्षी तो गेला होता, त्याच्या आदल्या वर्षीही गेला होता. मी वाटी घेतली, नाकाला वळसा घालून डाव्या बाजूला गेलो आणि चेंगरलेल्या बोटानं तूप चोळू लागलो. पत्रा दिवसभराच्या उन्हानं कोमट होता. पानं ठेवली. मग आवतन द्यायचं राहिलं. जन्मात कधी म्हटलं नव्हतं. इकडंतिकडं बघून मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, आज आवतन घे, उद्या जेवाले ये.

"जोरानं म्हन लेका," बा पलीकडून म्हणाला. "नवं हाय ते. त्याले अजून घर मालूम नाही."

मी पुन्हा म्हणालो, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.