झेरॉक्स सर आणि कापलेले सेकंद

आमच्या ऑफिसात सरांना त्यांच्या माघारी सगळे 'झेरॉक्स' म्हणायचे. नाव मीच पाडलं, खोटं कशाला बोलू! नवीन माणूस रुजू झाला की सर त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढायचे आणि हातातला कागद नाचवायचे.

"हा माझा मूळ कागद. हाच तुला दिला आणि तू खाडाखोड केलीस, तर माझा कागद गेला. झेरॉक्स दिली, तर कर काय हवं ते. प्रोग्रॅममधल्या फंक्शनचं, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्याचं, असंच. त्याच्या हातात मूळ माहिती द्यायची की प्रत, ते आधी ठरव. मूळच बदलणार असशील, तर वर एक ओळ लिही, 'हे मूळ बदलतं.' पुढचा माणूस मनकवडा नसतो."

एवढं सांगायला त्यांना वीस मिनिटं लागायची. आम्ही मागे जांभया द्यायचो.

माझा कोड तपासायला गेला की त्यांच्या कपाळाला आठ्या. "वरची ओळ कुठाय?"

"सर, नावावरून कळतंच की."

"तुला कळतं. तू काय कायम इथे बसणार आहेस?"

मी फणकाऱ्याने ओळ टाकायचे. ते निवृत्त झाले आणि, देवाशपथ सांगते, दुसऱ्याच दिवशी मी ती ओळ लिहायचं सोडलं. कोण बघतंय!

पुढे दोन वर्षांनी सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, एक टेबल, दोन खुर्च्या. मी महिन्यातून एकदा डोकवायचे. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा असायचा. मी आले की तो जमिनीवर, मी उठले की परत खुर्चीवर. एकदा विचारलं, तर म्हणाले, "रिकामी बघवत नाही गं."

त्यांच्याकडे काकूंनी फोनवर बोलून पाठवलेले निरोप कॉम्प्युटरवर उतरवलेले होते, एकशे बारा. 'येताना ब्लेड आणा', 'नळवाला आलाच नाही', असले. रोज सकाळी ऐकायचे. काकूंच्या आवाजातलं दुसरं काही नव्हतंच.

"मागे पंख्याची घरघर आहे," एकदा म्हणाले. "तेवढी काढता येईल?"

ऑफिसात ग्राहकांचे कॉल साफ करायला मी फंक्शन लिहिलं होतं. तेच पेनड्राइव्हवर घालून दिलं. हात झटकले आणि विसरून गेले.

आठ दिवसांनी फोन आला. "जरा येतेस?" एवढंच.

गेले. सरांनी निरोप लावला. घरघर गेली होती. पण काकू एका दमात, बातम्या दिल्यासारख्या बोलत होत्या. आमच्या फंक्शनला अर्ध्या सेकंदापेक्षा लांब शांतता कापून टाकायचं काम होतं. गप्प बसलेला ग्राहक कोणाला ऐकायचाय? आणि काकू तर बोलताना सारख्या थांबायच्या. ते सगळं थांबणं गेलं होतं. तेही मूळ फाइलींतून. जुना फोन मोडीत गेलेला, आणि सरांचा रोज आपोआप होणारा बॅकअप जुन्यांच्या जागी बदललेल्या फाइली मुकाट्याने उचलून बसलेला.

"ही ती नाही," सर म्हणाले.

"तुम्ही प्रत कशी केली नाहीत? तुम्ही?"

"कोड उघडून बघितला होता. वर ओळ नव्हती. म्हटलं, ओळ नाही म्हणजे मूळ बदलत नाही. मी शिकवलेली मुलगी आहे."

मी तिथेच रडायला लागले. "चार शिव्या तरी घाला, सर!"

ते उठले, पाणी आणून दिलं. "उद्यापासून ओळ लिहीत जा," म्हणाले. शिव्या परवडल्या असत्या.

महिनाभर तिकडे फिरकायचं धाडस झालं नाही. शेवटी मन घट्ट करून गेले. सर कानाला हेडफोन लावून बसलेले, पुढे वही. वहीत रकाने: निरोपाचा नंबर, शब्द, सेकंद.

"थांबे परत घालतोय," म्हणाले. "प्रतीवर, घाबरू नकोस. हे बघ, 'येताना'च्या पुढे तीन सेकंद. काय संपलंय ते ती डबे उघडून बघायची. 'नळवाला'च्या आधी दोन. तेव्हा ती चिडलेली होती."

"एवढं आठवतं?"

"रोज ऐकत होतो. दुसरं करतो काय?"

एकशे अकरा निरोप झाले होते. शेवटचा त्यांनी माझ्यासमोर पुरा केला आणि हेडफोन काढून मोठ्याने लावला. "मी निघाले. दार ओढून घ्या." पुढे नुसती शांतता.

"ही किती ठेवलीत?"

"अकरा सेकंद. फोन बंद करायचं तिच्या लक्षातच राहायचं नाही. चपला घातल्याचं ऐकू यायचं, मग जिना उतरल्याचं. तुझ्या फंक्शनला ते बारीक आवाजही शांतताच वाटले. पावलं काही मला परत घालता येत नाहीत. वेळ तेवढा ठेवलाय."

त्यांनी पुन्हा लावलं. आम्ही दोघं काहीच नसलेलं ऐकत बसलो. दहाव्या सेकंदाला सर हळूच म्हणाले,

"आता ती खाली पोचली."