आबांची खुर्ची

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या एका शाळेवर मी सहा वर्षं काढली. घर शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावला. आठवडाभर शिरूरला भाड्याच्या खोलीत राहायचं, शनिवारी शाळा सुटली की घर गाठायचं. लेक सासूबाईंपाशी. एकदा ती तापली होती, मी उशाशी बसले तर म्हणाली, "आजीला बोलव." त्या दिवशी मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, या वेळी बदली घेणारच.

घरापासून चार किलोमीटरवर एका वस्तीवर दोन शिक्षकांची शाळा होती आणि तिथं एक जागा रिकामी होती. पण बदलीचा फॉर्म भरला तरी आधी ज्येष्ठांना शाळा मिळतात, उरलंसुरलं आम्हाला. असली सोयीची शाळा कोण सोडतंय? मग माझ्या डोक्यात किडा वळवळला.

शिरूरला प्रशिक्षण होतं. चहाच्या सुट्टीत दोन-तीन ज्येष्ठ गुरुजींजवळ मी हळूच विषय काढला. "शाळा छानच आहे हो. फक्त शाळा समितीचे अध्यक्ष काठी घेऊन दिवसभर वर्गातच बसतात. फळ्यावर किती गणितं झाली तेही मोजतात म्हणे." अध्यक्षांना मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण बोलता बोलता ते मला इतके स्पष्ट दिसायला लागले, की मी त्यांना मिशासुद्धा लावल्या. संध्याकाळी हीच बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत माझ्याकडे परत आली. तोवर अध्यक्षांनी एका गुरुजींना वर्गात कोंडूनही घातलं होतं.

ती शाळा कुणीच मागितली नाही. मला मिळाली.

हजर व्हायला गेले, तर फळ्याशेजारी खुर्ची, खुर्चीत एक आबा, हातात काठी. मिशा तेवढ्या नव्हत्या.

"या बाई. मीच अध्यक्ष. तुमी चहा पिताना ज्यांना सांगितलं, त्यातलं एक गुरुजी माझं सख्खं भाचं हायती."

शिरूर-दौंडात सोयरिकी अशा गुंतलेल्या, की कुणाची चहाडी करायची तर समोरच्याचं आजोळ आधी विचारून घ्यावं. तेवढंच नेमकं मी विसरले.

"चुकलं माझं, आबा."

"चुकलं कशाला? आता बोलून बसलाय, तर खरं करू. तसंबी घरी दिवसभर टीव्ही चालू आसतो."

आणि हा माणूस रोज येऊन बसायला लागला. गणितं मोजायचे, वर मलाच सांगायचे, "काल नऊ झाली व्हती, आज सातच." पहिला महिना मी दात-ओठ खात शिकवलं. पण कुणी पोरगं गैरहजर असलं की तेच उठून घरून घेऊन यायचे. माझी लेकही याच शाळेत आली, रोज स्कूटीवर माझ्या पुढ्यात उभी राहून. मधल्या सुट्टीत ती आबांच्या खुर्चीपाशीच डबा खायची.

यंदा पुन्हा बदल्या आल्या. ज्येष्ठानं शाळा मागितली की तिथल्या धाकट्यानं उठायचं, याला आम्ही खो म्हणतो. एका दुपारी एक ज्येष्ठ गुरुजी मोटारसायकलवरून शाळा बघायला आले. शाळा त्यांना आवडलेली दिसत होती. म्हणजे मला खो. पुन्हा ती भाड्याची खोली, पुन्हा तो शनिवार.

आबांनी कोपऱ्यातली काठी उचलून मांडीवर घेतली.

"बसा गुरुजी. मी सकाळपासनं हितंच आसतो. एकूण एक गणित मोजतो. ह्या आमच्या बाई, तीनदा रडल्यात."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी पटकन रुमाल डोळ्यांना लावला. तो खरोखरच ओला झाला, आणि त्यात नाटक काही नव्हतं.

गुरुजी चहालासुद्धा थांबले नाहीत. गाडीचा आवाज लांब गेल्यावर आबांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढं धरला.

"भाच्याला लावून द्या. दोन्ही तालुक्यांत कळाया पायजे."