निळी पिशवी आणि पफिन

मस्कतमधल्या आमच्या दार्सैतच्या घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात, डाव्या कोपऱ्याला, चेनची एक निळी पिशवी असते. तिच्यात आम्हा नवरा-बायकोचे पासपोर्ट, थोडे भारतीय रुपये आणि ठाण्याच्या घराची, म्हणजे माझ्या माहेरची किल्ली. आखातात राहणाऱ्या बहुतेकांकडे अशी एक जागा असतेच. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, पण ती कुणी हलवतही नाही. चार वर्षांपूर्वी एका सकाळी आईचा फोन आला की बाबा उठत नाहीयेत. मी ती पिशवी उचलली आणि दिवस मावळायच्या आत ठाण्याला पोचले. बाबांचं शेवटचं दर्शन झालं ते त्या पिशवीमुळे, असं मी मानते.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं सगळं आनंदाचं आहे आणि त्या आनंदात ही पिशवी सारखी पायात येत होती.

आनंद सुरू झाला जानेवारीत. आम्ही दोघं पक्षी बघायला लागलो ते तसं उशिराच, चाळिशी उलटल्यावर. दर शुक्रवारी सकाळी कुरुमच्या खारफुटीपाशी जायचं, बगळे मोजायचे, थंडीत अन्साबच्या तळ्यावर रोहित बघायचे, मग गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायचा आणि आईला व्हिडिओ कॉल लावायचा. आईला पक्ष्यांत काडीचा रस नाही. ती प्रत्येक पक्ष्याला बगळाच म्हणते आणि लगेच विचारते, "नाश्ता केलात का?"

अशाच एका शुक्रवारी नवऱ्याने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. स्कॉटलंडच्या एका बेटावर गवतात कुणीतरी बसलंय आणि त्याच्या बुटाशेजारून एक पक्षी तुरूतुरू चाललाय. टीचभर उंच, पाठ काळी, पोट पांढरं, पाय केशरी, आणि रंगवलेल्या चोचीत आडवे धरलेले सात-आठ मासे. पफिन. माणसाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मी तो व्हिडिओ सहा वेळा पाहिला. सातव्या वेळी मला तिथे माझाच बूट दिसायला लागला, आणि मी नवऱ्याला सांगून टाकलं की आपण जातोय.

"जुलै संपता संपता ते समुद्रात निघून जातात," तो म्हणाला. "आणि जुलैत तू ठाण्याला असतेस."

हीच तर अडचण होती. एकोणीस वर्षं माझी वार्षिक सुट्टी म्हणजे जुलै, आणि जुलै म्हणजे ठाणं. बाबा गेल्यापासून तर आई एकटीच असते. सकाळी कामाला एक बाई येते, शेजारी चांगले आहेत, पण जुलैची वाट ती फेब्रुवारीपासून बघते. मी ठरवलं की आईला ऑगस्टमध्ये भेटायचं आणि हे तिला व्हिसा हातात आल्यावरच सांगायचं. नवऱ्याला हे पसंत नव्हतं. त्याला माझे बरेच निर्णय पसंत नसतात, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

मग घरात धुमाकूळ सुरू झाला. जेवणाच्या टेबलावर मल नावाच्या बेटाचा नकाशा आला आणि आम्ही सोफ्यावर ताटं घेऊन जेवायला लागलो. मलहून छोट्या बोटीने लुंगा नावाच्या बेटावर जायचं, तिथे पफिन. मलच्याच किनाऱ्यावर पाणमांजरं. आकाशात पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड, तो नवऱ्याचा. माझं मन पफिनवर आणि पाणमांजरावर. समुद्र खवळला तर बोट लुंगाला लागतच नाही, असं वाचलं आणि मी दोन वेगवेगळ्या दिवसांची बोट ठरवली. ऑफिसातल्या ओमानी साहेबांकडे मी रजेचा अर्ज घेऊन गेले. ते सही करता करता म्हणाले, "इन्शाल्ला." त्यांच्या इन्शाल्लाचे दोन अर्थ असतात, एक हो आणि एक बघू. मी सही वाळेपर्यंत समोरून हलले नाही.

माझ्या वेळापत्रकावर मी फार खूश होते. तासातासाचा हिशेब, रंगीत पेनांनी. नवरा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "शुक्रवार सकाळ कोरी का सोडलीस?"

"सगळं बंद असेल ना."

"स्कॉटलंडमध्ये?"

एकोणीस वर्षांत शुक्रवारची सुट्टी इतकी अंगात मुरलीय. मी निमूटपणे दोन्ही शुक्रवार भरून टाकले, आणि पुढचे आठ दिवस तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगत होता.

रेनकोटासाठी आम्ही रुवीच्या बाजारात गेलो. दुकानदार रत्नागिरीचे, वय झालेले. एप्रिलच्या उन्हात रेनकोट मागणाऱ्या बाईकडे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सलालाला चाललाव काय, ताय?" ओमानच्या दक्षिणेला, सलालाला, खरीफची म्हणजे तिथल्या पावसाळ्याची भुरभुर असते, तेवढ्यापुरताच इथे कुणी रेनकोट घेतो. "त्याच्याहून लांब," मी म्हटलं. त्यांनी माळ्यावरून धुळीचं खोकं उतरवलं, आणि बेटांचं वर्णन ऐकून स्वतःच दोन गरम टोप्या वर काढून दिल्या.

रेनकोट खरंच पाणी अडवतो का, हे मस्कतमध्ये कसं बघणार? मे महिन्यात एका शुक्रवारी मी गरम टोपी, बूट आणि रेनकोट घालून बाथरूममध्ये उभी राहिले आणि नवऱ्याने माझ्यावर दोन बादल्या पाणी ओतलं. एवढ्या वर्षांचं काय काय त्या बादल्यांत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी आतून कोरडी होते, बाहेरून निथळत होते आणि आनंदाने ओरडत होते. तेवढ्यात आईचा कॉल आला. त्या दिवशी आम्ही तिला फोन करायचा विसरलो होतो. नवऱ्याने सवयीने उचलला आणि कॅमेरा माझ्याकडे केला.

आई बघतच राहिली. "तिकडे पाऊस पडतोय?"

खोटं सुचलंच नाही. मी टोपी काढली, कमोडचं झाकण टाकून त्यावर बसले आणि सगळं सांगितलं. बेट, पफिन, बोट, जुलै. शेवटचं सांगताना माझा आवाज बारीक झाला. आईला वाईट वाटलं होतं, ते मला दिसलं. मग ती म्हणाली, "दाखव बघू कसा आहे तो."

नवऱ्याने दुसऱ्या फोनवरचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. एवढा नटलेला बगळा तिने जन्मात पाहिला नव्हता.

"हा जुलै संपला की जातो म्हणतेस ना? मग आधी त्याच्याकडे जा. मी कुठे उडून जातेय."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मग मी खरी गोष्ट बोलले, जी मी नवऱ्याशीही धड बोलले नव्हते. व्हिसासाठी पासपोर्ट द्यावे लागतील. तीन आठवडे पिशवी रिकामी असेल. आणि त्या दिवसांत तुला काही झालं, तर मला येता येणार नाही. मला त्याचीच भीती वाटते, आई.

"म्हणजे तीन आठवडे मला काही व्हायचं नाही, एवढंच ना?" ती उठली. कॅमेऱ्यात आधी छत दिसलं, मग भिंतीवरचं कॅलेंडर, ज्यावर ती गॅसचा सिलिंडर आणि कामवालीच्या दांड्या लिहिते. "तारखा सांग. लिहून ठेवते."

रविवारी मी व्हिसाच्या ऑफिसात पासपोर्ट दिले. काउंटरवरच्या मुलीला ते माझ्या हातातून थोडे ओढूनच घ्यावे लागले. जादा पैसे भरून पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायची सोय असते, असं नंतर कुणीतरी सांगितलं. त्यावर घरात चर्चा करायची नाही, असं आमचं ठरलं आहे.

ते दिवस भराभर गेले, हे कबूल करते. भीती होती, पण उत्साह तिच्या डोक्यावर बसला होता. मी फोनवर पफिनचे आवाज लावायची, एसी सोळावर ठेवून रेनकोट घालून स्वयंपाक करायची. आईला कॉल केला की बोटीच्या वेळा वाचून दाखवायची. ती नेहमीपेक्षा जास्त ऐकून घ्यायची. तिने चक्क विचारलं, पफिन अंडी किती घालतो? एकच, मी म्हटलं, जमिनीत बीळ करून. तिचा चेहरा मात्र स्क्रीनवर फार जवळ यायचा, नुसते डोळे आणि कपाळ. फोन नीट धर ना, असं मी दोनदा म्हटलंही.

बाविसाव्या दिवशी पासपोर्ट आले, आत व्हिसे होते. मी जिन्यातूनच आईला फोन लावला.

"आले का? पिशवीत ठेवलेस?"

"आत्ताच आलेत गं, घरी जाऊन ठेवते."

"आधी ठेव. मग फोन कर."

मी घरी गेले, पासपोर्ट पिशवीत ठेवले, चेन लावली आणि पुन्हा फोन केला.

"हां, आता सांगते. ओरडायचं नाही. डावं मनगट मोडलंय. ओट्यापाशी पाय घसरला. दोन आठवडे झाले. शेजारचे लगेच घेऊन गेले, प्लास्टर आहे, बाकी मी ठणठणीत आहे."

मी ओरडले. तिच्यावर, मग शेजाऱ्यांवर, मग स्वतःवर. ती एका हाताने फोन धरून बसत होती, दुसरा दिसू नये म्हणून तोंड जवळ आणत होती आणि मी तिला बोटीच्या वेळा वाचून दाखवत होते. मला माझी लाज वाटली. मी म्हटलं, आम्ही जात नाही, सगळं रद्द करते.

"मग त्या रेनकोटावर दोन बादल्या पाणी उगाच ओतलं का?" आई म्हणाली. "तुम्ही येईपर्यंत प्लास्टर निघेलही."

त्याच गुरुवारी निळी पिशवी घेऊन मी विमान धरलं. शुक्रवार-शनिवारची सुट्टी, दोन दिवस तर दोन दिवस. दार आईने उजव्या हाताने उघडलं, प्लास्टरकडे माझी नजर जायच्या आत विचारलं, "रेनकोट आणलास का?" मी आणला होता. घालून दाखव म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. मी टाकते म्हटलं तर ऐकेना.

मी बाहेरच्या खोलीत रेनकोट घालून कॅलेंडरसमोर उभी राहिले. जूनचं पान होतं. मी मेचं पान उघडलं. पासपोर्ट दिल्याच्या दिवसापासून प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने एक बारीक बरोबरची खूण होती. आठव्या चौकोनात खूण होती आणि तिच्याखाली तिच्या अक्षरात दोन ओळी: "पडले. सांगायचे नाही."

जुलैच्या पानावर दोन आठवड्यांवरून एक लांब रेघ ओढून वर लिहिलं होतं, "पक्षी". ऑगस्ट तिने निळ्या पेनाने भरला होता. पहिल्या शनिवारपासून महिनाअखेरपर्यंत रेघ, आणि वर मोठ्या अक्षरांत: "आता माझा नंबर."