इस्माईलचाचांनी रंगवलेले मुडदे

इस्माईलचाचा बोर्डावरच्या माणसाचे डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे. ओठ, दागिने, मागचे डोंगर, सगळं वाळून तयार असलं तरी डोळ्यांच्या जागी नुसत्या पांढऱ्या खाचा असायच्या. "डोळं काढलं की बोर्ड माझा ऱ्हात न्हाय," ते म्हणायचे. "मंग त्यो लोकांस्नी बघाया लागतो."

परंड्यात तंबूतला सिनेमा आला की त्याचे बोर्ड चाचाच रंगवायचे. त्यांचं घर आमच्या शेजारी. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, म्हणून ते मला थट्टेनं ‘प्रोफेसर’ म्हणत. त्यांच्याविषयी लिहिण्याइतकं मला येतं की नाही, ठाऊक नाही. पण दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

त्यांचा धाकटा भाऊ हनीफ. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या वर्षी मुसलमानांवर हल्ले झाले, तेव्हा तो रानात लपला होता. परत आला तो बोललाच नाही. जेव म्हटलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. चाचांनी त्याला गावाबाहेरच्या चुन्याच्या भट्टीवर लावलं होतं. तिथं तो न थांबता दगड फोडायचा, त्यामुळे मुकादम खूश होता. संध्याकाळी हनीफ अंगभर पांढरा होऊन यायचा आणि चाचा स्वतः त्याचं तोंड धुवायचे. "कामात हाय म्हणून जिता हाय," असं ते सगळ्यांना सांगत.

त्या दिवाळीत तंबूवाल्यानं झॉम्बीचा इंग्रजी सिनेमा आणला. नमुन्याला एक फोटो दिला. ओळीनं उभी मेलेली माणसं, डोळे उघडे, नजर कुठंच नाही. चाचांनी बोर्ड रंगवला, तर पुढचा चेहरा थेट हनीफचा.

"पेंटर, हा तर आजारी माणूस वाटतो," तंबूवाला म्हणाला. "दात दाखवा, रक्त लावा. लोक भ्यायला येतात, दवाखान्यात न्हाय."

"तुमच्या फोटूत कुठं रक्त हाय, शेठ?"

शेवटी तंबूवाल्यानं स्वतःच ब्रश घेऊन हनीफच्या तोंडाला रक्त लावलं. चाचा बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "प्रोफेसर, ही माणसं कुठली? परत माणसात येत्यात का? तुमच्या कालेजच्या पुस्तकात बघा की."

सोलापूरच्या कॉलेजात मला एक पुस्तक सापडलं. इंग्रजी नीट कळेना, शब्दकोश घेऊन बसलो. पुढच्या सुट्टीत चाचांना सांगितलं. हैती नावाच्या बेटावर आफ्रिकेतून धरून नेलेल्या माणसांना उसाच्या मळ्यांत राबवत. मेलो की सुटलो, एवढीच त्यांची आशा. म्हणून त्यांची सगळ्यांत मोठी भीती हीच, की कुणीतरी जादूनं कबरीतून उठवील आणि पुन्हा कामाला जुंपील. सिनेमावाल्यांनी तिथली भीती तेवढी उचलली, ऊस तिथंच ठेवला.

"आन् परत माणसात?"

"पुस्तकात तसं काही सापडलं नाही, चाचा."

ते ब्रश पुसू लागले. "मंजी आमी उगंच मुडद्याला भेत हुतो. भ्यायचं त्याला उठवणाऱ्याला." मग खाली बघत म्हणाले, "हनीफला भट्टीवर म्याच लावलाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हनीफला पाठवणं बंद केलं. पण सकाळ झाली तसा हनीफ उठून चालू लागला. चाचांनी त्याला हात धरून परत आणलं. हात सोडला की तो पुन्हा निघायचा. दार लावलं तर दाराला कपाळ टेकून उभा. "हनीफ, आज छुट्टी है रे," चाचा त्याच्या कानाशी म्हणत राहिले. आमच्या अंगणात ऐकू येत होतं. माझी आई काम सोडून तोंडाला पदर लावून उभी राहिली.

सुट्टी संपल्यावर मी कुर्डुवाडीच्या एसटीत बसलो. गावाबाहेर माणसं घ्यायला गाडी थांबली, तर खिडकीतून दोघे दिसले. हनीफ पुढं, अनवाणी. मागं चाचा, हातात त्याच्या चपला.

"चाचा, कुठं निघालात?"

"त्यो जातो तिकडं."

"दिवसभर तिथंच असता?"

"व्हय. मी नुसता बसून ऱ्हायचो, म्हणून मुकादमानं मलाबी हातोडा दिलाय."