मागे पडणारा ठोका

एका परदेशी हार्ड रॉक बँडचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांचा पहिलाच अल्बम, माझ्या जन्माच्याही आधीचा. त्याने जगभर काय उलथापालथ केली ते जाणकार सांगतील. भिवंडीतल्या आमच्या दोन खोल्यांत काय केलं, ते मी सांगते.

बाबा लूमचे मिस्त्री, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे. तीस वर्षं त्या खडखडाटात काढली आणि मी शाळेत असतानाच त्यांचे कान गेले. आई गेल्यावर बोलणंही गेलं. मी जवळच्या वळ गावातल्या गोडाऊनमधली ड्युटी संपवून घरी यायची, तर बाबा भिंतीकडे बघत बसलेले. डॉक्टरकडे चला असं खुणावलं की उत्तर ठरलेलं, "आता काय ऐकायचंय?" मला भीती वाटायची आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. मी होते ना अजून घरात!

एका रविवारी त्या रागातच मी तो अल्बम मोठ्या स्पीकरवर लावला. वरच्या मजल्यावरून ओरडा झाला, तरी आवाज कमी केला नाही. बाबा उठले. कुरकुरणाऱ्या लूमला लावायचे तसा त्यांनी स्पीकरच्या खोक्याला तळवा लावला आणि डोळे मिटले. तिसऱ्या गाण्याला कपाळावर आठी.

"पट्टा ढिला हाय गो. ठोका मागं पडतोय. दुकानात दे दुरुस्तीला."

मला हसू आवरेना. त्या बँडच्या ड्रमवाल्याची ख्यातीच ती, ठोका केसभर उशिरा देण्याची. लूमच्या आवाजात कामगार हातांच्या खुणांनी बोलतात. त्या खुणा बाबांनीच मला लहानपणी शिकवलेल्या. त्याच खुणांनी सांगितलं: बिघाड नाही, माणूस मुद्दाम तसं वाजवतो.

"मुद्दाम? आन् कोनी कामावरून काढला न्हाय त्याला?"

कित्येक महिन्यांनी त्यांनी मला काहीतरी विचारलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

मग दर रविवारी तोच कार्यक्रम. चारेक आठवड्यांनी स्वतःच म्हणाले, "ठोका कळतो, पन तो मानूस वरडतोय काय ते कळत न्हाय. कानाचं मशीन बघू या." जिथे मी हात टेकले होते, ते काम एका परक्या गायकाच्या बोंबलण्याने झालं.

मशीन बसवलं त्या दिवशी मी दवाखान्यातच विचारलं, "बाबा, ऐकू येतंय का?"

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, मशीन चाललंच नाही. मग डोळे पुसत म्हणाले, "तुझा आवाज आईवर गेलाय गो. मला ठावंच नव्हतं."