मंदाताईंचं शिळं पाणी

मंदाकिनी ओव्हाळ या बाईंशी माझी ओळख भांडणातून झाली. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मी नवीन राहायला आले होते. समोरच्या दारातल्या या बाई रोज दाराबाहेर पाण्याची भरलेली बादली ठेवायच्या. ही एक दिवस कुणाच्या तरी पायात येणार, हे सांगायला मी गेले.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "आत जागा नाही."

"पण पाणी भरून ठेवायचंच कशाला? नळ आहे की."

"शिळं करायला."

पुण्यात जन्म गेल्यामुळे उद्धटपणा मला लांबून ओळखू येतो. मी दार आपटून परत फिरणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या दंडाला धरून मला आत नेलं आणि ओट्याच्या कोपऱ्यावरची काचेची पेटी दाखवली. पेटी पोळ्यांच्या डब्याहून जेमतेम मोठी असेल. आत बोटाच्या पेराएवढे गप्पी मासे, एकेकाची शेपटी अशी रंगीत की बघत राहावं. "नळाच्या ताज्या पाण्यात औषध असतं," त्या म्हणाल्या. "आपल्याला चालतं, यांना नाही. रात्रभर उघडं ठेवलं की उडून जातं. ताजं पाणी पाहुण्यांना, शिळं माशांना. तुम्ही काय घेणार?"

मी ताजं घेतलं. तेव्हापासून त्या मंदाताई आणि मी उल्काताई.

ही पेटी मुळात त्यांच्या मुलाच्या कंपनीतली. बुद्धभूषण, घरात भूषण, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होता. कामाचा ताण कमी व्हावा म्हणून कंपनीने प्रत्येक टीमला मासे दिले होते. ताण एवढा होता की जाता-येता जो तो माशांना खायला घालायचा. सोमवारी आणलेले मासे शुक्रवारी उलटे तरंगायचे, की पुन्हा नवे यायचे. पुढे भूषण अमेरिकेला ऑनसाइट गेला, जाताना पेटी आईकडे ठेवून "थोडे दिवस सांभाळ" म्हणाला. परत आला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, बाणेरला उंच टॉवरमध्ये फ्लॅट झाला. मासे मात्र मंदाताईंच्या ओट्यावरच राहिले.

सुरुवातीला त्यांनीही मारले, हे त्या स्वतःच सांगायच्या. पेटी लख्ख घासली, ताजं पाणी भरलं, सकाळी सगळे गेलेले. मग बाई हट्टाला पेटल्या. आठवड्यातून एकदा फक्त तांब्याभर पाणी काढायचं आणि तांब्याभर शिळं घालायचं, बस. पाणी गाळणारा आतला स्पंज नळाखाली धरायचा नाही, काढलेल्या पाण्यातच पिळायचा. खाणं नखावर मावेल एवढंच, आणि रविवारी तेही नाही. "तुम्ही कधी उपास करत नाही आणि माशांना करायला लावता," मी चिडवायचे. "मी माझ्या मर्जीने जेवते, ते माझ्या," असं उत्तर यायचं. पेटीत सगळे नर. माद्या ठेवल्या की महिन्याभरात पलटण उभी राहते, आणि इतक्याशा पाण्यात पलटण म्हणजे मरण, हे त्यांचं गणित. कुणी नवा मासा भेट आणला तर तो आधी वेगळ्या बरणीत राहायचा. त्याला काही रोग नाही याची खात्री पटल्यावरच त्याला घरात प्रवेश.

"नवरीला पण एवढं पारखत नाहीत हो," मी म्हणायचे.

"म्हणूनच पस्तावतात."

ही धार कुठून आली, ते हळूहळू कळलं. नवरा, सीताराम ओव्हाळ, खडकीच्या कारखान्यात. तो काविळीने गेला तेव्हा भूषण रांगत होता. नवऱ्याच्या जागी यांना तिथे स्टोअरमध्ये नोकरी लागली. क्वार्टरमध्ये राहून, दीर-जावांची बोलणी खाऊन पोराला इंजिनियर केलं. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या पैशाने कोथरूडचं हे घर घेतलं. एक खोली, स्वयंपाकघर आणि उभं राहता येईल एवढी बाल्कनी. घर बघायला आल्या तेव्हा सोसायटीच्या त्या वेळच्या चेअरमनांनी अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "पूर्ण नाव काय आपलं?" नाव ऐकल्यावर घर अचानक विकायचं नाही असं झालं. बाई तरी रोज येऊन जिन्यात बसायच्या. मूळ मालक वैतागला आणि चेअरमनांना न जुमानता त्याने घर यांनाच दिलं. राहायला आल्या त्या दिवशी दाराला पहिली कुठली गोष्ट लागली असेल, तर ती पितळी पाटी: मंदाकिनी सीताराम ओव्हाळ. आडनाव सगळ्यात ठळक. आमच्या जिन्यात एवढी चकचकीत पाटी दुसरी नाही, आणि चेअरमनांना वर जाताना रोज ती वाचावी लागायची, याचा मला आजही आनंद होतो.

ते घर विकून आईने बाणेरला यावं, असा भूषणचा धोशा सुरू झाला. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. त्याच्याकडे आईच्या दाराची किल्ली होती. दर शनिवारी तो बेल न वाजवता आत यायचा आणि काहीतरी नवीन ठेवून जायचा. मायक्रोवेव्ह काय, मसाज करणारी खुर्ची काय. खुर्ची आली तेव्हा मंदाताईंना झोपायला जागा उरेना. "आई, इथे तुझा श्वास कोंडतो," तो म्हणायचा. आणि मार्च महिन्यात त्या बाहेर ठेवलेल्या स्वतःच्याच बादलीला अडखळून पडल्या. उजवं मनगट मोडलं.

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

"सांगितलं होतंत ना? झालं समाधान? आता रिक्षा बोलवा."

भूषणला आयतंच कारण मिळालं. प्लास्टर निघेपर्यंत आईने बाणेरला राहायचं, आवडलं तर कायमचं. गिऱ्हाईक त्याने बघून ठेवलं होतं. प्लास्टर निघालं की घर दाखवायचं, असं ठरवूनही टाकलं होतं. मंदाताई एका अटीवर गेल्या: मासे आणि माठ बरोबर येतील. फ्रिजचं पाणी त्यांना चालत नसे.

मी मधूनमधून भेटायला जायचे. बाविसाव्या मजल्यावर वारा मस्त. सूनबाई चैताली लाघवी पोर, सासूला हातात कप उचलू द्यायची नाही. खाली फिरायला जाते म्हटलं तर, "आई, लिफ्टमध्ये धक्का लागेल." भाजी निवडते म्हटलं तर, "अहो, हात!" डावा हात धडधाकट होता, पण सांगणार कुणाला? दर दोन तासांनी समोर काहीतरी खायला. नको म्हटलं की सगळ्यांचे चेहरे पडत, म्हणून त्या खात. त्यांच्या पायावर सूज दिसायला लागली होती आणि त्यांचं बोलणं कमी झालं होतं. हे मला जास्त खटकलं. मंदाताई गप्प म्हणजे काहीतरी बिघडलं, एवढं मला कळत होतं. तरी शिळ्या पाण्याची बादली त्यांनी तिथेही बाथरूममध्ये भरवून घेतली होती, आणि नात पायल हिला पेटीपासून हातभर लांब उभं राहायला शिकवलं होतं.

मग चौदा एप्रिल आला. जयंतीआधी घर धुऊनपुसून काढायचं ही त्यांच्याकडची रीत, आणि त्या दिवशी दारात आलेला कुणी उपाशी परत जायचा नाही, हीसुद्धा. भूषणने मोठा कार्यक्रम ठरवला होता. खडकीचे नातेवाईक, ऑफिसमधली मंडळी, मलाही बोलावलं होतं. सकाळी तो आईला खडकीच्या विहारात वंदनेला घेऊन गेला. मी बाणेरला पोचले तेव्हा बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोंना हार घातलेले, मेणबत्त्या लागलेल्या, खिरीचा वास दरवळत होता. हॉलच्या मधोमध टीपॉयवर माशांची पेटी, इतकी लख्ख की काच आहे की नाही कळू नये.

"आज्जीला सरप्राइज!" पायल म्हणाली. "मी आणि मम्माने फुल क्लीन केलं. स्टोन्स पण लिक्विडने घासले!"

बाथरूमची बादलीही चैतालीने रिकामी करून पालथी घातली होती. पाहुणे येणार, शिळं पाणी कशाला?

मला जे बोलायला हवं होतं ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत पेटीभोवती गर्दी झाली. जो येईल तो वाकून बघे आणि काहीतरी आत टाके. कुणी माशांच्या खाण्याची चिमूट, कुणी पोळीचा तुकडा. चैतालीच्या मामांनी बुंदी टाकली. "जयंती आहे, यांनी का उपाशी राहावं?" ते म्हणाले, आणि सगळे मनापासून हसले. मी "अहो, नका घालू," म्हटलं, तर एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "पुण्याच्या दिसता."

मंदाताई परतल्या तेव्हा पाणी गढूळ झालं होतं. मासे वर येऊन तोंड उघडमीट करत होते, दोन तळाशी आडवे पडले होते. त्यांनी एकदाच पाहिलं. घरात पन्नास माणसं जयंतीचं जेवत होती. "उल्काताई, माठातलं कालचं पाणी," एवढंच म्हणाल्या. मी स्वयंपाकघरातून काचेची बरणी आणली, माठातलं पाणी ओतलं, आणि त्यांनी डाव्या हाताने चहाच्या गाळणीत एकेक मासा धरून बरणीत सोडला. मग उठून पाहुण्यांना खीर वाढायला गेल्या. त्या दिवशी मात्र त्यांना कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "रिक्षा घेऊन या." मी गेले. बरणीत एकच मासा फिरत होता, निळ्या शेपटीचा. बाकीचे सगळे गेले होते. सोफ्यावर चैताली रडत होती, पायल तिला चिकटून बसली होती. मंदाताईंची पिशवी दाराशी भरलेली होती.

"आई, मी आजच चार फुटी टाकी आणतो," भूषण सांगत होता. "फिल्टर, लाइट, सगळं. पन्नास मासे ठेवू."

मंदाताई चैतालीजवळ जाऊन बसल्या. "रडू नकोस. तू जीव लावून घासलंस. पाहुण्यांनी जीव लावून खायला घातलं. तुझ्या मामांनी बुंदी घातली ती आपल्या रीतीला धरून. वाईट कुणीच काही केलं नाही, मला ठाऊक आहे." मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. "सगळ्यांनी प्रेमच केलं. आणि मासे मेले."

"आई, अगं ते मासे आहेत. तुला इथे काही कमी आहे का?"

"काहीच नाही. तेच सांगतेय तुला." त्यांचा आवाज चढला, किती दिवसांनी. "मला हात हलवू देत नाही, खाली जाऊ देत नाही, भूक लागायच्या आत ताट पुढे येतं. माझे पाय बघ कसे झालेत. मी रागावलेली नाही, भूषण. मला जगायचंय. माझी जागा लहान आहे, तिला किती लागतं ते मला कळतं. त्या गिऱ्हाइकाला सांग, घर विकायचं नाही. आडनाव विचारून मला बाहेर ठेवणाऱ्यांना मी पुरून उरले, तुझ्या मायेपायी ते घर सोडून देईन होय?"

मला भूषणची दया आली, पण मी बरणी उचलली. रिक्षात मंदाताईंनी बरणी मांडीवर घेतली आणि पदरात तोंड लपवून कोथरूडपर्यंत रडल्या. मी समोर बघत राहिले. डाव्या हाताने दार उघडता येईना तेव्हा मी किल्ली मागितली. "थांबा की," त्या म्हणाल्या, आणि खटपट करून स्वतःच उघडलं.

त्या सध्या एका हाताने स्वयंपाक करतात. पोळ्या नकाशासारख्या होतात, भात बरा होतो. बादली आता दाराबाहेर नसते. मसाजच्या खुर्चीवर असते. त्या खुर्चीचा याहून चांगला उपयोग कुणी केला असेल असं वाटत नाही.

दोन शनिवार भूषण आला नाही. तिसऱ्या शनिवारी मी त्यांच्याकडे बसले होते आणि बेल वाजली. मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही कुणाचीच वाट बघत नव्हतो. दार उघडलं तर समोर भूषण. एका हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन गप्पी, दुसऱ्या हातात दाराची किल्ली, पण कुलपाला न लावलेली.

"नर आहेत दोन्ही," तो म्हणाला. "विचारून आणलेत. आत आणू?"

"मासे आधी बरणीत राहतील, वेगळे," मंदाताई म्हणाल्या.

"आणि मी?"

त्या बाजूला सरकल्या. "तू ये. चप्पल बाहेर काढ. आणि खायला काही आणलं नाहीस ना?"